पोलीस डिस्पॅचसाठी स्पॅनिश : सात-आठ महिने वापरून पाहिलेला कोर्स

डॅलसजवळच्या एका उपनगरात मी पोलीस डिस्पॅचला आहे. ९११ चा फोन उचलायचा, नाव, पत्ता, गाडीचा नंबर टिपून घ्यायचा, गाडी रवाना करायची आणि रस्त्यावरच्या ऑफिसरने रेडिओवर नाव दिलं की ते सिस्टीममध्ये टाकून काय निघतं ते सांगायचं. २०२० च्या जनगणनेत टेक्सासमधले ३९ टक्क्यांहून जास्त लोक हिस्पॅनिक होते. म्हणजे शिफ्टमध्ये स्पॅनिश नाव ऐकू आलं नाही असं होतच नाही. दुभाष्याची टेलिफोन लाइन आहे, पण ती जोडेपर्यंतचा वेळ आपल्यालाच निभवावा लागतो. म्हणून जवळच्या एका कम्युनिटी कॉलेजातला ‘पोलीस कामासाठी प्राथमिक स्पॅनिश’ हा संध्याकाळचा कोर्स केला. वर्ग, ऑडिओ फाइली आणि खिशात मावणारं एक लॅमिनेटेड कार्ड, एवढं मिळतं.

आधीच सांगते, यातला निम्मा कोर्स नसता तरी चाललं असतं. उच्चार आणि स्पेलिंगचे सुरुवातीचे धडे मात्र पैसे वसूल करून देतात.

त्यातलं सगळ्यात उपयोगी पान म्हणजे अक्षरांची नावं. कुणी फोनवर आडनावाची अक्षरं सांगतं तेव्हा ती स्पॅनिश नावांनी सांगतं, आणि इंग्रजी कान ती इंग्रजी अक्षरं म्हणून टिपतो. स्पॅनिशमध्ये आय या अक्षराचं नाव आहे ‘ई’ आणि ई या अक्षराचं नाव आहे ‘ए’. आता हिमेनेस हे आडनाव घ्या. बाई सांगतात: होता, ई, एमे, ए, एने, ए, सेता. ऐकणारा लिहितो: जे, ई, एम, ए, एन, ए, झेड. कागदावर तयार झाला ‘जेमानाझ’ नावाचा माणूस, जो टेक्सासच्या कुठल्याच नोंदीत सापडणार नाही. बाईंनी एक अक्षरही चुकीचं सांगितलेलं नसतं. माझ्या शेजारच्या कन्सोलवर हे इतकी वर्षं होत आलंय की तिकडे सगळे वैतागून ‘यांना स्वतःचं नाव लिहिता येत नाही’ म्हणतात.

दुसरी गोष्ट कोर्सने नीट सांगितली नाही, ती मी कामावर जुळवली. नावं शोधणाऱ्या बऱ्याच सिस्टीममागे साउंडेक्सच्या जातीची युक्ती असते. १९१८ साली तिचं पेटंट झालं. नावाचं पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवायचं, पुढचे स्वर गाळायचे आणि उरलेल्या व्यंजनांना गटाप्रमाणे आकडे द्यायचे. गोन्सालेसच्या शेवटी एस लिहा नाहीतर झेड, कोड जी ५२४ च येतो. म्हणजे मधली-शेवटची गडबड सिस्टीम पोटात घालते. पण एर्नांदेस ऐकून ई ने सुरुवात केली की कोड होतो ई ६५५, आणि तो माणूस बसलाय एच ६५५ मध्ये, कारण त्याच्या आडनावाच्या सुरुवातीला न उच्चारला जाणारा एच आहे. वाल्देसचं व्ही ४३२, ब ऐकून बी टाकला की बी ४३२. पहिलं अक्षर चुकलं की वॉरंट असलेला सुटतो, किंवा भलत्याच माणसाची नोंद समोर येते.

तेव्हा माझ्या मते पोलीस कामासाठी स्पॅनिश शिकायचं ते मुख्यतः पहिल्या अक्षरासाठी. धोका कुठे आहे ते ठरलेलं आहे. सुरुवातीला स्वर ऐकू आला तर त्याच्या आधी मुका एच असू शकतो. घासून आलेला ह असेल तर जे, ई किंवा आयच्या आधीचा जी, कधी एक्स. ब असेल तर बी किंवा व्ही, कारण स्पॅनिशमध्ये दोन्हींचा उच्चार एकच. स असेल तर एस, सी, झेड तिन्ही दारं उघडी. सेपेदा हे आडनाव सी नेही लिहितात आणि झेड नेही. अशा वेळी मेक्सिकोकडच्या माणसाला ‘कोन बे ग्रांदे ओ बे चीका?’ विचारलं, म्हणजे मोठा ब की धाकटा, की लगेच उत्तर येतं. ‘कोन एसे ओ कोन सेता?’ हेही तसंच. मग खात्रीसाठी मी आमच्या रेडिओवरच्या ॲडम, बॉय, चार्ल्सच्या पद्धतीने, म्हणजे ए, बी, सी अशा प्रत्येक अक्षराला ठरलेला शब्द वापरून, ऑफिसरला परत सांगते.

मराठी माणसाला इथे आयती सोय आहे. वर्गातल्या अमेरिकन मंडळींचा त आणि प यांच्यासोबत फसकन हवा बाहेर पडते, त्यांना ‘तोरेस’ म्हणायला आठवडे लागले. आपला त, द, प, क सरळ चालतो. स्वर पाच आणि पाचही पक्के: आ, ए, ई, ओ, ऊ. मी नावं ऐकताक्षणी देवनागरीत टिपते आणि मग स्पेलिंगकडे वळते. एकच सवय मोडावी लागते: आपली वर्तमानपत्रं झेड दिसला की झ लिहितात, पण झ हा आवाज त्या भाषेत त्या जागी नाहीच. लॅटिन अमेरिकेत तो स आहे. आणि उस्तेद-तू यांतला फरक शिकवायला शिक्षकांनी आख्खा तास घालवला, तोवर मी डबा खाल्ला. अनोळखी माणसाला तुम्ही म्हणायचं हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

दोन आडनावांचा धडा छोटा आहे, तो मोठा हवा होता. आधी वडिलांचं, मग आईचं. हुआन कार्लोस लोपेस रामीरेस हा माणूस लोपेस आहे, पण इथल्या फॉर्मवर शेवटचा शब्द आडनावाच्या चौकटीत जातो आणि लोपेस मधलं नाव होऊन बसतं. पिकासोचंही तेच, तो जन्माने रुईस, पिकासो हे आईकडचं. वडिलांच्या नावाची एका अक्षरात वाट लागलेली ज्यांनी अनुभवलीय अशा आपल्या लोकांना यात काही नवीन वाटणार नाही. मेक्सिकन ओळखपत्र समोर असेल तर कुर्प हा १८ अक्षर-आकड्यांचा क्रमांक पाहायला ऑफिसरला सांगावं. त्यातली पहिली दोन अक्षरं वडिलांकडच्या आडनावातली, तिसरं आईकडच्या, चौथं स्वतःच्या नावाचं. पुढे जन्मतारीख, वर्ष आधी. अकराव्या जागी एच म्हणजे पुरुष आणि एम म्हणजे बाई. एम पाहून ‘मेल’ टाकणारे मी पाहिलेत. कार्डावर हे कुठेच नाही.

आता तक्रारी. ऑडिओ स्पेनमधल्या आवाजात आहे, सेता तिथे जीभ दातांत धरून म्हणतात. टेक्सासात हे कशाला? शिवाय सगळं स्टुडिओतलं, सावकाश. खरा फोन येतो तो टीव्ही चालू, मूल रडतंय, बोलणारी धापा टाकतेय अशा अवस्थेत. दुहेरी र घोळवायचा सराव दोन तास चालला. तो न जमल्याने कुणाचंही काही अडत नाही. ‘हात वर करा’, ‘हलू नका’ अशा हुकमांनी अर्धी वही भरली, ते गस्तीवरच्यांना लागत असेल. आकडे मात्र घाईत उरकले आणि घरनंबरात तेच घात करतात: दोस आणि दोसे, सेसेन्ता आणि सेतेन्ता, म्हणजे दोन-बारा, साठ-सत्तर. ‘ऊनो पोर ऊनो’ म्हणून एकेक आकडा वदवून घेणं हाच उपाय. डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन आमच्या सिस्टीमला टाइपच करता येत नाही, पण तो दोष कोर्सचा नाही.

शिक्षकांनी सांगितलेली एक गोष्ट बाकी पटली. २००९ मध्ये डॅलस पोलिसांनी तीन वर्षांत ३९ ड्रायव्हरांना इंग्रजी येत नाही म्हणून चलन फाडल्याचं बाहेर आलं. मुळात तो नियम केंद्राचा आणि व्यापारी वाहनांच्या चालकांपुरता. पोलीस प्रमुखांनी माफी मागितली. फोनवर नाव सांगताना लोक कचरतात त्याला अशी कारणंही असतात, म्हणून मी पहिलं वाक्य ‘मास देस्पासियो, पोर फाबोर’ असं हळू आवाजात म्हणते. सावकाश सांगा, घाई नाही.

कोर्स करणार असाल तर आणखी एक. ग्वाटेमालाहून आलेल्या कितीतरी जणांची घरची भाषा स्पॅनिश नसते, माम किंवा किचे असते. त्यांच्यापुढे तुमचं नवं स्पॅनिश पाजळून उपयोग नाही, त्यांनाही ते परकंच. ‘के इदियोमा आब्ला?’, कोणती भाषा बोलता, हा प्रश्न कार्डावर छापलेला नाही. मी तो मार्करने वरच्या कडेला लिहून घेतलाय. मामचा दुभाष्या मिळायला वेळ लागतो, तेव्हा हे विचारायचं ते पहिल्या मिनिटात.