तोंडाची कोरड आणि होमिओपॅथीच्या गोळ्या : सात महिन्यांचा अनुभव

मी नाशिकला कॉलेज रोडला राहते, वय ५६. गेल्या वर्षी गणपती झाले आणि बरगडीवर नागीण उठली. फोड पंधरा दिवसांत सुकले, पण आग जाईना. ब्लाउजचं कापड नुसतं लागलं तरी कळवळायचे. त्यावर डॉक्टरांनी रात्री झोपताना अ‍ॅमिट्रिप्टिलिनची २५ मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. दुखणं निवलं. दिवाळीच्या सुमारास तोंडाला कोरड पडायला लागली. इथे या दोन गोष्टी मी एकापाठोपाठ लिहिल्यात, तेव्हा मात्र मला त्यांची सांगड घालता आली नव्हती.

ही कोरड म्हणजे तहान नव्हे. रात्री दोनला जाग यायची तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली असायची, पाण्याने भिजवल्याशिवाय सुटायची नाही. भाकरीचा तुकडा चावून चावून भुगा व्हायचा, पण त्याचा घास बनायचा नाही. प्रत्येक घासामागे आमटीचा घोट. शेंगदाण्याची चटणी बंदच केली. हरिपाठाला बसले की चार अभंगांत ओठ दातांना अडकायचे आणि मी नुसत्या टाळ्या वाजवत राहायचे. याचं फार वाईट वाटायचं.

शुगर, थायरॉईड सगळं नॉर्मल आलं. ‘वयोमानाने होतं,’ डॉक्टर म्हणाले. मग बहिणीने सांगितलं म्हणून नोव्हेंबरात होमिओपॅथी सुरू केली.

पहिल्या भेटीला सव्वा तास लागला. डॉक्टर ताई तरुण, मला ‘काकू’ म्हणतात. तहान लागते का, पाणी थंड हवं की कोमट, एका दमात तांब्याभर पिता की घोट घोट, ओठ फुटतात का, राग आला की बोलून टाकता की गिळता? इतकं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. कोरड आणि वर घटाघटा पाणी प्यावंसं वाटत असेल तर ब्रायोनिया. तोंड लाकडासारखं कोरडं पण तहान नाही, तर नक्स मॉस्काटा, म्हणजे आपलं जायफळ. जायफळ प्रमाणाबाहेर खाल्लं की चांगल्या माणसाचंही तोंड सुकतं, म्हणून तेच अतिविरळ करून सुकलेल्या तोंडाला द्यायचं. जर्मन डॉक्टर सॅम्युअल हानेमान यांनी दोनशे वर्षांपूर्वी मांडलेलं तत्त्व ते हेच.

मला नक्स मॉस्काटा ३० मिळालं. ३० ही त्याची पोटेन्सी, म्हणजे औषध किती वेळा विरळ केलं त्याचा आकडा. साबुदाण्यासारख्या गोळ्या, चार-चार, दिवसातून तीनदा. हात न लावता बाटलीच्या झाकणात घ्यायच्या आणि जिभेवर सोडायच्या. कॉफी आणि कच्चा कांदा बंद. पहिले दोन आठवडे मी खूश होते, कारण गोळ्या विरघळताना तोंडाला पाणी सुटायचं. पण ते दहा-पंधरा मिनिटंच. पुढे एकदा वेलदोडा चघळून पाहिला, तर तेवढंच पाणी तेवढाच वेळ सुटलं.

ताईंनी एक वही ठेवायला सांगितली होती : रात्री पाण्यासाठी किती वेळा उठले ते रोज लिहायचं. डिसेंबरभर तिच्यात ४, ४, ५, ४. जानेवारीत औषध बदलून ब्रायोनिया, मग २०० पोटेन्सी. थंडीही कडक होती. आकडा ५ वर गेला.

फेब्रुवारीत लग्नासाठी सिन्नरला गेले. होमिओपॅथीची बाटली पर्समध्ये होती, नागिणीच्या गोळ्यांची पट्टी मात्र फ्रिजवर राहिली. तीन रात्रींचे आकडे : ४, २, १. चौथ्या दिवशी बरगडी पुन्हा पेटली, घरी येऊन ती गोळी घेतली आणि दोन रात्रींत परत ४. वही हातात घेऊन मी कितीतरी वेळ बसून राहिले. पहिल्या भेटीत ताईंनी विचारलं होतं, ‘दुसरं काही औषध चालू आहे का?’ मी म्हणाले होते, ‘दुखण्याची एक गोळी, बस.’ नावसुद्धा सांगितलं नव्हतं.

वही घेऊन नागिणीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी लगेच मान्य केलं : लाळग्रंथींना जो इशारा मिळायला हवा तो ही गोळी अडवते, आणि तोंड सुकणं हा तिचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. मग औषध लिहून देतानाच एका वाक्यात सांगायला काय हरकत होती? माझे चार महिने गेले. त्यांनी टप्प्याटप्प्याने डोस १० मिलिग्रॅमवर आणला. कोणी आपल्या मनाने अशी गोळी एकदम थांबवू नका. मी सिन्नरला विसरले, ती चूकच होती.

मधल्या काळात दोन दात हिरडीलगत किडले. दातांच्या डॉक्टरांनी समजावलं की लाळ तोंडातलं आम्ल धुऊन काढते. तीच नसली की साखर दातांवर बसून राहते. होमिओपॅथीच्या गोळ्या साखरेच्याच, आणि माझा शेवटचा डोस रात्री ब्रश केल्यावरचा! कोरड असलेल्या प्रत्येकाने हे ऐकावं. आता फ्लोराईडची पेस्ट, बिनसाखरेचं च्युइंगम, उशाशी पाण्याचा तांब्या.

त्या गोळ्यांनी माझी कोरड गेली नाही, हे मी स्पष्ट लिहिते. ३० पोटेन्सी म्हणजे एकास शंभर या प्रमाणात तीस वेळा विरळ केलेलं. बाराव्या पायरीनंतर मूळ जायफळाचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता जवळपास नसते. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारी आरोग्य संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यास तपासले. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजारात त्यांना सापडला नाही. पण ताईंबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. त्यांनी वही दिली नसती तर मी आजही वयालाच दोष देत बसले असते. ती त्यांना दाखवली तेव्हा त्याच म्हणाल्या, ‘काकू, आता माझं औषध थांबवू या.’

एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, कूलरच्या कोरड्या वाऱ्यातही बरं चाललं. दुखणं १० मिलिग्रॅमवर आटोक्यात आहे. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुन्हा ताटात आलीय. वही अजून उशाशीच असते. कालच्या तारखेपुढे १ लिहिलाय.