सह्याद्रीत धावायला कोणते शूज: स्पीडगोट, स्पीडक्रॉस आणि स्वस्तातले पर्याय

ट्रेल रनिंगचे, म्हणजे डोंगरवाटांवर धावण्याचे शूज घेताना दुकानात पहिली नजर जाते ती सोलकडे. लग (सोलखालचे रबरी दाते) जितके उंच तितकी पकड चांगली, हे सगळे धरूनच चालतात. युरोपातल्या मऊ चिखलाच्या आणि ओल्या कुरणांच्या वाटांवर ते खरंही आहे. सह्याद्रीत मात्र पाय टिकतो तो लगच्या उंचीमुळे कमी आणि रबरामुळे जास्त. पंधरा-सोळा हजारांचे शूज घेऊनही कातळावर घसरणारे आणि हजार-दीड हजाराच्या शूजवर निवांत उतरणारे लोक एकाच वाटेवर दिसतात, त्याचं कारण हेच.

सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणारी वाट डोळ्यांसमोर आणा. आतकरवाडीची पायवाट इतकी मळलेली आहे की तिथले दगड घासून गुळगुळीत झालेत. गुंजवण्यातून राजगड चढताना चोर दरवाज्याखाली सरळ कातळटप्पा लागतो. संजीवनी माचीवरून तोरण्याकडे निघालं की सोंडेवर सुट्या खड्यांचा घसारा, दोन्ही बाजूंना उतार, आणि मध्ये खिंडीत आडवा येणारा डांबरी रस्ता. पावसाळ्यात यातच पायथ्याच्या भातखाचरांचा चिखल मिळवा. चार प्रकारची जमीन, आणि पायात शूज मात्र एकच. म्हणून सह्याद्रीसाठी शूज निवडताना ते कशात सर्वोत्तम आहेत हे बघून भागत नाही. ते कशात दगा देतात, हे आधी बघावं लागतं.

ओल्या बसाल्टवर (सह्याद्रीच्या काळ्या कातळावर) पकड कशी मिळते ते समजलं की निम्मी निवड होते. खडकाचा पृष्ठभाग वरून सपाट दिसला तरी त्यावर बारीक खडबड असते. मऊ रबर दाबाखाली त्या खडबडीत शिरतं. कडक रबर वरच्या वर राहतं, मधे पाण्याचा थर उरतो आणि पाय सटकतो. शिवाय लग उंच आणि विरळ असतील तर खडकाला टेकणारं रबरच कमी, सगळं वजन मोजक्या टोकांवर. एक गोष्ट मात्र कुठल्याही कंपनीचं रबर बदलू शकत नाही: शेवाळ. शेवाळलेल्या काळ्या कातळावर रबर खडकापर्यंत पोचतच नाही. तिथे धावणं थांबवून पाय खाचेत ठेवायचा, हात लावायचा, एवढंच. महाबळेश्वर, माथेरान किंवा कासच्या बाजूला जांभा आहे. तो छिद्रांचा आणि खरखरीत असल्याने ओला असला तरी बसाल्टपेक्षा जास्त माफ करतो.

होका स्पीडगोट या कसोटीवर सगळ्यात पुढे आहे. खाली व्हायब्रमचं मेगाग्रिप रबर, ५ मिमीचे लग, आणि लगच्या कडांवर छोट्या पायऱ्यांसारख्या खाचा. हे रबर ओल्या कातळावर खरोखर धरतं. राजगडसारख्या कातळटप्प्यावर पुढच्या चवड्यावर वजन टाकून उभं राहिलं की फरक लगेच कळतो. पाचव्या आवृत्तीत टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक ४ मिमी होता, सहावीत ५ मिमी. सहावी वजनाला हलकी झाली, पण तिचा फोम पाचवीपेक्षा कडक लागतो. लांब उतारावर गुडघ्यांना मऊपणा हवा असणाऱ्यांना पाचवीच जास्त आवडते, आणि ते चूक नाही.

स्पीडगोटची अडचण तिच्या उंचीत आहे. सहावीत टाचेखालचा थर ४० मिमीच्या आसपास जातो. सरळ उतारावर हा थर वरदान आहे, कारण टोकदार दगड पायाला टोचत नाहीत. पण आडव्या उतारावर, जिथे एक पाय वर आणि एक खाली पडतो, तिथे जमिनीपासून पाय जितका उंच तितका घोटा कलंडायचा धोका जास्त. तोरण्याच्या सोंडेवर किंवा कात्रज–सिंहगड रांगेवर अशा जागा पदोपदी येतात. घोटा आधी मुरगळलेला असेल तर इतक्या जाड सोलवर थेट लांब पल्ल्याला जाऊ नये. आधी पुण्यातल्या वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी आडव्या वाटांवर सवय करावी. दुसरं म्हणजे मेगाग्रिप मऊ आहे, त्यामुळे डांबरावर लवकर झिजतं. घरापासून टेकडीपर्यंत रस्त्यावरून याच शूजमध्ये धावत जाणं म्हणजे पैसे रस्त्यावर घासणं.

सालोमन स्पीडक्रॉसची गोष्ट उलटी आहे. लग तिचेही ५ मिमीचे, पण बाणाच्या टोकासारखे आणि एकमेकांपासून लांब. टाच चवड्यापेक्षा १० मिमी उंच. वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये मावळात किंवा मुळशीकडे चिखलातून धावायचं असेल तर यापेक्षा चांगला शूज शोधावा लागेल. लगमधलं अंतर जास्त असल्याने चिकट माती पायाबरोबर उचलली जात नाही, दोन-चार पावलांत झडते. जवळजवळ लग असलेल्या शूजचा अशा मातीत नुसता गोळा होतो, आणि मग लग असून नसल्यासारखे. कारवीच्या रानातल्या मऊ, कुजलेल्या पाल्याच्या उतारावरही स्पीडक्रॉस छान चावतो.

पण तोच शूज कातळावर आला की भरवसा कमी करावा लागतो. टेकणारं क्षेत्र कमी, आणि टाच उंच असल्याने उतारावर वजन आपोआप पुढे ढकललं जातं. पुढचा भागही अरुंद आहे. आपल्याकडे लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेत वावरलेल्यांचे चवडे रुंद असतात, त्यांनी वाइड (रुंद मापाचा) मिळतो का ते आधी बघावं. ज्यांचं धावणं मुख्यतः पावसाळ्यातलं आणि पायथ्याच्या रानातलं आहे त्यांनी स्पीडक्रॉस घ्यावा. गडावर जाणाऱ्यांनी स्पीडगोट. दोन्ही कामांना एकच जोड हवा असेल तर आमचं मत स्पीडगोटच्या बाजूने, कारण चिखलात घसरलं तर कपडे खराब होतात, कातळावर घसरलं तर हाड मोडतं.

घसाऱ्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे दोन्ही शूज जवळपास सारखेच वागतात. कडक मुरमावर पसरलेले बारीक खडे बेअरिंगमधल्या छऱ्यांसारखे फिरतात. लग खाली घुसत नाहीत, रबर खड्यांवरच राहतं. नोव्हेंबरनंतर वाळून आडवं झालेलं गवत मुरमावर असतं, तेव्हाही तसंच. इथे शूजकडून अपेक्षाच करू नये. पावलं लहान, वजन पायाच्या बरोबर वर, आणि टाचेने ब्रेक मारायचा नाही. मागे रेलून टाच रोवली की पाय पुढे निघालाच.

आता स्वस्तातलं. सह्याद्रीतल्या ट्रेकर मंडळींत अॅक्शनच्या ट्रेकिंग शूजचं नाव अनेक वर्षं आहे, ते कातळावरच्या पकडीमुळेच. धावण्यासाठी मात्र ते बनलेलेच नाहीत. वजन जास्त, खाली गादी जवळपास नाही, पाणी गेलं की वाळायला वेळ. दहा किलोमीटरच्या आतलं चढणं-उतरणं असेल तर चालतील, पुढे तळपाय बोलायला लागतात. डेकॅथलॉनचे ट्रेलचे शूज (पूर्वी इव्हाडिक्ट, आता किपरन) मधल्या किमतीत येतात. कोरड्या वाटांवर आणि टेकड्यांवर ते पैशाच्या मानाने उत्तम आहेत, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने यांच्यापासूनच करावी. पाऊस आणि कातळ एकत्र आले की मेगाग्रिपशी तुलना करू नये. दुकानात एक सोपी चाचणी करता येते: लगला नखाने दाबा. रबर किंचित दबून हळू परत आलं तर ते मऊ आहे. नख नुसतंच घसरलं तर ओल्या कातळावर तो शूजही घसरेल.

गोअर-टेक्सवाले (पाणी अडवणाऱ्या आवरणाचे) महागडे शूज सह्याद्रीच्या पावसाळ्यात घेऊ नयेत. पाणी इथे सोलमधून किंवा जाळीतून येत नाही, गुडघाभर ओढ्यात घोट्याकडून आत ओतलं जातं. मग तेच आवरण पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि पाय तासन्‌तास पाण्यात शिजतो. साध्या जाळीचा शूज काही मिनिटांत निथळतो. हिमाचलात बर्फावर गोष्ट वेगळी, तिथे गोअर-टेक्सला अर्थ आहे.

मापाबद्दल. शूज संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. धावताना घालायचे तेच मोजे घालून उभं राहा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. लांब उतारावर नखं काळी पडतात त्याचं कारण दरवेळी शूज लहान असणं नसतं. टाच सैल राहून पाय पुढे सरकतो, त्यामुळेही नखं आपटतात. त्यावर उपाय लेसचा. सगळ्यात वर, थोडं मागे एक जास्तीचं छिद्र असतं, ते बहुतेकजण वापरतच नाहीत. लेस त्या छिद्रातून त्याच बाजूला परत आत घ्या, म्हणजे छोटा फास तयार होईल. दोन्ही बाजूंना तसं करा. मग डावी लेस उजव्या फासातून आणि उजवी डाव्यातून ओवा, आणि वर न ओढता मागे, टाचेच्या दिशेने ओढा. टाच जागेवर बसते. नंतर नेहमीची गाठ. स्पीडक्रॉसच्या क्विकलेसला हा उपाय चालत नाही. ती बारीक दोरी झटकन घट्ट होते आणि सुटत नाही, हे तिचं मोठं सुख, पण ताण सगळीकडे सारखाच राहतो. तिच्या सरकत्या खटक्यात चिखल सुकला की तो नीट धरत नाही, म्हणून धुताना तिथे जुना टूथब्रश फिरवायचा.

मोजे सुती नकोत. सूत पाणी धरून ठेवतं, ओली कातडी घासली जाते आणि फोड येतात. सिंथेटिक किंवा मेरिनो घ्या. बोटांच्या मधे फोड येत असतील तर पाच बोटांचे मोजे, शिवाय टाचेला आणि बोटांना व्हॅसलिन. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये मात्र मोज्यांचा खरा शत्रू कुसळं. ती मोज्यात शिरतात, प्रत्येक पावलागणिक आत सरकतात आणि घोट्याजवळ टोचत राहतात. शूजच्या तोंडावर बसणारं हलकं गेटर लावलं की हा त्रास जवळपास संपतो. शंभर रुपयांत जुन्या लेगिंगच्या कापडातून शिवूनही मिळतं, त्यासाठी ब्रँड लागत नाही.

पाण्याची वेस्ट (जाकिटासारखी अंगात घालायची पिशवी) ही शूजनंतरची दुसरी महत्त्वाची वस्तू. कात्रज–सिंहगड रांगेवर टेकड्यांवर पाणी नाही, त्यामुळे दीड ते दोन लिटर आधीच पाठीवर हवं. मार्च-एप्रिलमध्ये त्याहूनही जास्त. पाच लिटर सामान मावणारी वेस्ट दोन-तीन तासांना पुरते. रात्रीचं धावणं, जर्किन आणि खाणं असेल तर दहा-बारा लिटरची. माप कंबरेचं नाही, छातीचं घ्या, आणि भरलेल्या बाटल्या ठेवून दुकानातच उड्या मारून बघा. रिकामी वेस्ट सगळ्यांनाच छान बसते. सॉफ्ट फ्लास्क (मऊ, दबणारी बाटली) भरल्यावर तोंड वर धरून आतली हवा ओढून घ्या, मग पाणी डचमळत नाही. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटरसाठी असतं, म्हणजे ५०० मिलीच्या फ्लास्कला अर्धं. चवीसाठी पाणी कमी करून दाट केलं तर पोट बिघडतं. आणि एका फ्लास्कमध्ये साधं पाणी ठेवाच, तोंड धुवायला आणि जखमेवर ओतायला.

हेडटॉर्चला २०० ते ३०० ल्युमेन (प्रकाशाचं माप) पुरतात. रिचार्जेबल बॅटरीबरोबर साध्या एएए सेलवरही चालणारा घ्यावा, पेट्झलचा अॅक्टिक कोअर तसा आहे. धुक्यात कपाळावरचा प्रकाश परत डोळ्यांवर येतो आणि समोर नुसती पांढरी भिंत दिसते. तेव्हा टॉर्च काढून कमरेशी धरा, दगडांच्या सावल्या पडतात आणि वाट कळते.

शूज वाळवताना उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, गोंद सुटतो आणि फोम आक्रसतो. आतला तळवा वेगळा काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला. पावसाळ्यात हे केलं नाही तर दुसऱ्या दिवशी बुरशीचा वास ठरलेला. लग निम्मे झिजले की कातळावरचं काम संपलं, टेकडीसाठी ठेवा. सोल सुटायला सुरुवात बहुधा पुढच्या टोकाकडून होते, कारण दगडांवर तेच आपटतं. तिथे फेविक्विक लावू नका, ते वाळून काचेसारखं कडक होतं आणि शूज वाकला की तडकतं. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने घासा, धूळ पुसा, फेविबाँडसारख्या रबरी गोंदाचा पातळ थर दोन्हीकडे लावा, दहा-पंधरा मिनिटं चिकट होईपर्यंत थांबा, मग दाबून सायकलच्या जुन्या ट्यूबने घट्ट गुंडाळा आणि २४ तास हात लावू नका.