लाल कांद्याचं बी, ३१ महिन्यांनंतर: पिवळा आला कुठून?

पहिल्या वर्षी या पाकिटाला मी पाच स्टार दिले होते. ते मागे घेतोय. किती, ते खाली.

वाण सगळ्यांना माहीत आहे, उन्हाळी, टिकाऊ वगैरे पुन्हा लिहीत नाही. पहिलं पीक एकजात लाल, तक्रारीला जागा नव्हती. पण दरवर्षी पाकिटाला पैसे मोजायचे म्हणजे माझ्या जिवावर येतं. साठवणीच्या चाळीतले सगळ्यात दणदणीत कांदे निवडले आणि डेंगळे लावले, म्हणजे बी धरायला तेच कांदे पुन्हा जमिनीत लावले. त्यातला एक पाव किलोच्या वर भरला, तो कौतुकाने घरामागे एकटाच लावला. त्याचं बी वेगळं ठेवलं.

यंदा त्या घरच्या बियाची काढणी झाली आणि लालात मधूनमधून पांढरे, शिवाय पिवळे! ट्रॉली रिकामी होताना व्यापाऱ्याने दोन पिवळे उचलले, माझ्याकडे बघितलं आणि भाव पाडला. तिथून थेट बियाण्याच्या दुकानात. "बिल आणलंय का?" नव्हतं. "घरचं बी म्हणताय ना दादा, मग पाकिटाचा काय दोष? शेजारी पांढरा कांदा असेल, माश्यांनी त्याचे पराग आणले असणार."

पांढऱ्याचं पटलं. पण पिवळा? आमच्या शिवारात पिवळा कांदा लावलेला मी जन्मात पाहिला नाही. भाव पडल्याचं दुःख बाजूला राहिलं, आठवडाभर डोक्यात पिवळाच. घरामागच्या कांद्याच्या बियाचा वाफा वेगळा होता, तो बसून मोजला. १५८ कांदे: ९२ लाल, २७ पिवळे, ३९ पांढरे. बायको म्हणाली, एवढा वेळ आहे तर लसूण सोला.

मेहुणा कृषी महाविद्यालयात शिकवतो. आकडे पाठवल्यावर त्याचं उत्तर एका ओळीत: "९:३:४ आहे हे, दाजी." म्हणजे दर सोळात नऊ लाल, तीन पिवळे, चार पांढरे.

मग फोनवर तासभर. कांद्याचा रंग एका जनुकाच्या हातात नाही. एक जनुक रंग होऊ द्यायचा की नाही ते ठरवतं. दुसरं ठरवतं की पिवळ्यावर थांबायचं की लालापर्यंत जायचं. पहिलंच बंद असेल तर दुसरं कसलं आहे ते दिसायचा प्रश्नच नाही, कांदा पांढरा. थोडक्यात, पिवळा पांढऱ्याच्या पोटात लपून आला होता. क्लार्क, जोन्स आणि लिटल यांनी अमेरिकेत १९४४ सालीच हे छापून ठेवलंय. रंग दाबणारं तिसरंही एक जनुक असतं, पण ते असतं तर पहिल्याच पिकात फिकट कांदे दिसले असते.

इथवर ऐकून मी दुकानदाराची माफी मागायला निघालो होतो. चप्पल घालताना लक्षात आलं: लाल-पांढऱ्याचं पहिलं पोर लालच निघतं, रंग फुटतात ते नातवंडांत. माश्यांनी माझ्या डेंगळ्यांवर घोळ घातला असता तर यंदा सगळे लालच दिसायला हवे होते! मिसळ पाकिटात होती. प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटला दुसऱ्या वाणापासून ५०० मीटर अंतर लागतं, ते कुठेतरी पाळलं गेलं नाही. आणि संकराचा कांदा जोमाने पोसतो, म्हणून मी हौसेने निवडले ते नेमके तेच. एरवी हजारात दोन-चार असतील, कुणाला कळलंही नसतं.

तेव्हा पाकिटाला तीन स्टार. दुकानदाराला एक, तोही चहा पाजला म्हणून.

त्या ९२ लालांतून पुन्हा बी धरू का, असंही विचारलं. मेहुणा म्हणाला, नऊ लालांत खरा शुद्ध एक, आणि तो कोणता हे वरून ओळखता येत नाही. सगळे खायला काढलेत. नवीन पाकीट आणलंय, बिलाचा फोटो काढून बायकोच्या मोबाईलवरही पाठवून ठेवलाय.