पोर्ट्रेटची प्रकाशयोजना शिकायची, तर पहिला दिवा कोणता? एलईडी की फ्लॅश?

कॅमेरा आहे, ५० एमएमची लेन्स आहे, रविवारी सकाळी हॉलही रिकामा मिळतो. दिव्यासाठी दहा-पंधरा हजार बाजूला काढलेत आणि गाडी इथे अडली आहे: सतत चालू राहणारा एलईडी घ्यावा, की क्षणभर चमकणारा फ्लॅश? ६० वॉटचा एक एलईडी घ्या किंवा एक स्पीडलाइट (बॅटरीवर चालणारा छोटा फ्लॅश) आणि त्याचा ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसून फ्लॅशला दुरून चमकायला सांगणारं यंत्र) घ्या, पहिला खर्च साधारण सारखाच पडतो. त्यामुळे निवड पैशावर ठरत नाही. कोणाचे फोटो काढायचेत आणि तुम्हाला शिकायला कसं जमतं, यावर ठरते. मी आधी फ्लॅश घेतला, दोन वर्षांनी एलईडी. चेहऱ्यावरचा प्रकाश मला खऱ्या अर्थाने कळला तो या दुसऱ्या खरेदीनंतर.

पोर्ट्रेटमध्ये शिकायची असते ती सावली, त्यातही नाकाची. आत्याला स्टुलावर बसवलं, ट्यूबलाइट बंद केली आणि सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी पांढऱ्या कापडाची पेटी) लावलेला एलईडी तिच्या कानाच्या रेषेत ठेवला. अर्धा चेहरा उजळला, अर्धा अंधारात गेला. स्टँड हळूहळू पुढे आणत गेलो तशी नाकाची सावली गालावरच्या सावलीला जाऊन मिळाली आणि पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण उरला. डच चित्रकार रेम्ब्रांट (१६०६-१६६९) याच्या नावाने ओळखली जाते ती हीच पद्धत. आणखी थोडं पुढे सरकवल्यावर सावली गालापासून सुटली आणि नाकाशेजारी लहानशी वळून राहिली. त्याला लूप म्हणतात. शेवटी दिवा समोर आणून वर चढवला, तेव्हा नाकाखाली फुलपाखरासारखी सावली पडली. १९३०च्या दशकात हॉलिवूडच्या पॅरामाउंट स्टुडिओत तारकांचे पोर्ट्रेट या पद्धतीने काढले जात, म्हणून तिला पॅरामाउंट लाइट असंही नाव आहे. तो प्रकाशही सतत जळणाऱ्या, तापणाऱ्या दिव्यांचाच असे. आत्याच्या चष्म्यात सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन दिसत होता. स्टँड हातभर उंच केला आणि तो काचेतून वर निघून गेला. दहा मिनिटांत चार पद्धती पाहून झाल्या, त्याही एकदाही शटर न दाबता.

हेच फ्लॅशवर करायचं तर फोटो काढा, स्क्रीन बघा, स्टँड सरकवा, पुन्हा काढा. काही जणांना असंच शिकायला आवडतं, पण समोर बसलेलं माणूस तोवर कंटाळतं.

म्हणून एलईडीच घ्यावा का? त्याआधी ताकदीचा हिशोब बघा. ६० वॉटचा एलईडी सॉफ्टबॉक्समध्ये घालून चेहऱ्यापासून मीटरभर ठेवला, तर साधारण आयएसओ ४००, अॅपर्चर एफ २.८, शटर १/१२५ सेकंद अशा आकड्यांवर काम करावं लागतं. त्याच अंतरावर छत्री लावलेला स्पीडलाइट अर्ध्या-पाव ताकदीवरही आयएसओ १०० ला एफ ८ देतो. अॅपर्चरचे तीन आणि आयएसओचे दोन, मिळून पाच स्टॉपचा फरक झाला. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, म्हणजे पाच स्टॉप बत्तीसपट. एकट्या माणसाच्या चेहऱ्याला एफ २.८ पुरतं. पण दोन ओळींत बसलेल्या पाच जणांच्या कुटुंबाला पुरत नाही. मागची ओळ धूसर होते. बागेत दुपारच्या उन्हात तर हा एलईडी चालू आहे की बंद, हेही फोटोत कळत नाही.

लहान मुलांचे फोटो काढायचे असतील तर माझं मत सरळ फ्लॅशच्या बाजूने आहे. मूल हलतं आणि १/१२५ ला हात पुसट येतात. कमी ताकदीवरच्या स्पीडलाइटची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकते, त्यामुळे उडालेला केसही जागच्या जागी थांबतो. शिवाय एलईडीचा झोत डोळ्यांवर सतत राहतो. आत्यासुद्धा पंधरा मिनिटांनी म्हणाली, "अरे, डोळे दिपतात, जरा लांब कर ना." लांब केला की उजेड आणखी घटतो.

फ्लॅश आणखी एक गोष्ट शिकवतो, जी एलईडीवर शिकता येत नाही. खोलीतला उजेड शटरच्या हाती आणि फ्लॅशचा उजेड अॅपर्चरच्या हाती, असे दोन वेगळे लगाम मिळतात. शटर १/६० वरून १/२०० वर नेलं की मागची खिडकी काळवंडते, चेहरा मात्र तसाच राहतो. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे गेलात की फोटोच्या एका कडेला काळी पट्टी येते. कॅमेरा बिघडलेला नसतो, सिंकची, म्हणजे शटर आणि फ्लॅश जुळण्याची, मर्यादा ओलांडलेली असते. लग्नाच्या सीझनमध्ये एखाद्या फोटोग्राफरच्या हाताखाली काम करायचं असेल, तर हे दोन लगाम आधी हातात बसले पाहिजेत.

फ्लॅश घेणार असाल तर गोडॉक्स टीटी ६०० सारखा पूर्ण मॅन्युअल घ्या. ताकद स्वतः ठरवावी लागते, त्यामुळे हिशोब लवकर पक्का होतो. रिसीव्हर आतच असतो. ट्रिगर मात्र गोडॉक्सचाच, पण तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठी बनवलेला बघून घ्या. एलईडीत सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ९५ च्या वर बघा. मी एकदा स्वस्तातला पॅनल घेतला होता. त्याच्याखाली गव्हाळ रंगाची त्वचा हिरवट दिसायची आणि एडिटिंगमध्येही नीट सुधारायची नाही. व्हिडिओही करायचे असतील तर प्रश्नच मिटतो, एलईडीच घ्या.

बऱ्याच जुन्या स्टुडिओंत असतात ते स्ट्रोब, म्हणजे घरच्या विजेवर चालणारे मोठे फ्लॅश. त्यांच्यात मॉडेलिंग लॅम्प नावाचा सतत चालू राहणारा दिवा असतो, म्हणजे सावली आधी दिसते आणि फ्लॅशची ताकदही मिळते. कायमची खोली असेल तर हा सगळ्यांत समाधानकारक पर्याय आहे. रोज आवरून कपाटात ठेवायचं असेल तर जड पडतो.

दिवा कोणताही असो, छोट्या खोलीत एक गणित दोन्हींना सारखंच लागू पडतं. चेहरा दिव्यापासून ३ फुटांवर आणि भिंत ६ फुटांवर असेल, तर भिंतीवर चेहऱ्याच्या पावपटच उजेड पडतो. दिवा दीड फुटावर आणला की भिंत साडेचार फुटांवर राहते आणि तिच्यावरचा उजेड नवव्या हिश्श्यावर येतो. मोठ्या सॉफ्टबॉक्सला आकडे तंतोतंत लागू पडत नाहीत, पण पांढरी भिंत करडी होताना समोर दिसते.

पैसे जमेपर्यंत खिडकी आहेच. उत्तरेच्या खिडकीत बहुतेक वर्षभर थेट ऊन येत नाही. माणसाला तिच्या बाजूला बसवा आणि सावलीच्या बाजूने थर्माकोलची शीट धरा. महिनाभर हे केलंत तर दुकानात काय मागायचं ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. माझ्यापुरतं म्हणाल, तर घरातल्या मोठ्या माणसांचे निवांत पोर्ट्रेट काढायचे असतील तर आधी एलईडी. मुलं, ग्रुप किंवा बाहेरचं काम असेल तर आधी फ्लॅश.

सॉफ्टबॉक्स मात्र बॉवेन्स माउंटचाच घ्या, म्हणजे दिव्याला अडकवायची ती बरीच प्रचलित कडी असलेला. त्याच माउंटच्या एलईडीवर थेट बसतो, स्पीडलाइटला ब्रॅकेट लावून चालतो आणि पुढे त्याच माउंटचा स्ट्रोब घेतलात तरी तोच कामी येतो. पैसे राखून चांगला स्टँड घ्या, छताचा पंखा बंद ठेवा आणि स्टँडच्या पायावर पाच किलो तांदळाची पिशवी टाका. सॉफ्टबॉक्सचं वजन पुढे असतं आणि खाली माणूस बसलेलं असतं.