कोर्टाचे सहा सिनेमे: आधी कोणता लावाल?

कोर्टाचा सिनेमा पाहायचा ठरलं की यादी पटकन तयार होते आणि गाडी तिथंच अडते. जुना लावावा तर कृष्णधवल, आणि अर्ध्या तासात कुणीतरी म्हणणार, "नुसतं बोलतायत की!" नवा लावावा तर अडीच तास बैठक, सबटायटल वाचत राहायचं आणि शेवटी "मग नेमकं केलं कुणी?" हे आहेच. अलीकडे मी या जातीचे सहा सिनेमे पाहिले. तीन १९५० च्या दशकातले, तीन गेल्या दहा-बारा वर्षांतले. काही पहिल्यांदा, काही पुन्हा.

माझ्या मते निवड करताना जुना-नवा हा निकष फारसा कामाचा नाही. सिनेमा तुम्हाला कोर्टात कुठं बसवतो ते बघा. काही सिनेमे ज्युरीच्या, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या, खोलीत कोंडतात, काही वकिलाशेजारी खुर्ची देतात, तर काही मागच्या बाकावर बसवून विसरून जातात. तुम्हाला यातलं काय मानवतं, त्यावर संध्याकाळ चांगली जाणार की वाईट हे ठरतं. शेवट कुठलाच फोडलेला नाही, निर्धास्त वाचा.

ज्युरीची खोली: '१२ अँग्री मेन' (१९५७) की 'ज्युरर नंबर टू' (२०२४)?

'१२ अँग्री मेन' हा सिडनी ल्युमेटचा पहिला सिनेमा. मूळ गोष्ट रेजिनाल्ड रोझनं १९५४ साली टीव्हीसाठी लिहिलेली. अठरा वर्षांच्या मुलावर बापाच्या खुनाचा आरोप आहे, अकरा जण 'दोषी' म्हणतात आणि एकटा हेन्री फोंडा म्हणतो, थोडं बोलू या. सुरुवातीची आणि शेवटची काही मिनिटं सोडली तर सगळा सिनेमा ती एक खोली आणि तिला लागून असलेलं स्वच्छतागृह एवढ्यातच घडतो. लांबी ९६ मिनिटं.

यातला एक प्रसंग मी अजूनही मागे नेऊन पाहतो. एक म्हातारा साक्षीदार सांगून गेलेला असतो की आवाज ऐकल्यावर पंधरा सेकंदांत मी दारापाशी पोचलो. म्हाताऱ्याचा एक पाय ओढत चालतो. फोंडा घराचा नकाशा मागवतो, खोलीत तेवढं अंतर पावलांनी मोजतो आणि पाय ओढत चालू लागतो; दुसरा एक जण घड्याळ धरून बसतो. चाळीस सेकंद उलटून जातात. भाषण नाही, संगीत नाही, एक माणूस लंगडत चालतोय, आणि बघणारे अकरा चेहरे बदलत जातात. ल्युमेटनं कॅमेऱ्याचीही गंमत केली आहे, ती त्यानंच पुढं लिहून ठेवली आहे. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर असतो, मग पातळीवर येतो, शेवटच्या भागात खाली उतरतो आणि छत दिसायला लागतं. लेन्सही बदलत जातात, त्यामुळे भिंती माणसांना येऊन चिकटल्यासारख्या वाटतात. आपल्याला कळत काहीच नाही, फक्त गुदमरायला होतं.

खोट काढायचीच तर फोंडाचं पात्र जरा जास्तच स्वच्छ आहे. पांढरा सूट, शांत आवाज, आणि चुकणं ठाऊकच नाही. शिवाय तो खिशातून हुबेहूब तसाच चाकू काढून टेबलावर रुतवतो, तो प्रसंग टाळ्यांचा असला तरी खऱ्या ज्युरीला असा स्वतःचा तपास करायला मनाई असते. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांना कायद्याची ओढ वाटण्यात या सिनेमाचा वाटा होता, असं त्यांनी सांगितलं आहे. पण खालच्या कोर्टात असताना ज्युरीनं कसं वागू नये हे सांगायलाही त्या याच सिनेमाचा दाखला देत.

'ज्युरर नंबर टू' जणू हाच धागा पकडून उलटा विणलाय. क्लिंट ईस्टवुडनं हा सिनेमा आणला तेव्हा तो चौऱ्याण्णव वर्षांचा होता. इथंही एक जण बाकीच्यांना म्हणतो, घाई नको. पण त्याचं कारण वेगळं आहे: रस्त्याकडेला मेलेल्या ज्या मुलीचा हा खटला आहे, त्याच पावसाळी रात्री, त्याच रस्त्यावर आपल्या गाडीनं ज्याला धडक दिली ते हरीण नसावं, असा संशय त्याला खटला सुरू असताना येतो. निकोलस होल्टचा चेहरा हा या सिनेमाचा खरा दस्तऐवज. आरोपी सुटला पाहिजे आणि आपणही सुटलो पाहिजे, दोन्ही एकाच वेळी. इथं स्वतःच शोध घेत फिरणाऱ्या ज्युररला घरी पाठवतात, हे पाहून मला हसू आलं. फोंडाचं काय झालं असतं!

योगायोग जरा ताणलेला आहे, आणि बारातले निम्मे ज्युरर नुसते खुर्च्या भरायला आहेत. ल्युमेटकडे बारा माणसं बारा राहतात, इथं तीन-चारच लक्षात राहतात. म्हणून क्रम बदलू नका: आधी १९५७ चा, मग २०२४ चा. उलट पाहिलात तर दुसऱ्याची अर्धी मजा जाईल.

घरात सबटायटलचा कंटाळा असणारं कुणी असेल तर बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) आहे. तीच गोष्ट, हिंदीत, आणि पंकज कपूर अक्षरशः अंगावर येतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नव्हती, तरी १९८६ साली बारा जण खोलीत बसून फाशी द्यायची की नाही ते ठरवतायत. तेवढं पोटात घाला.

वकिलाशेजारची खुर्ची: 'ॲनाटॉमी ऑफ अ मर्डर' (१९५९) की 'ॲनाटॉमी ऑफ अ फॉल' (२०२३)?

नावं ऐकून एकाचा दुसरा भाग वाटेल. तसं नाही, पण नव्याच्या नावात जुन्याला दिलेली हाक लपत नाही. दोन्हींत मध्यभागी एक लग्न आहे आणि ते चारचौघांत उघडं पडतं.

ओट्टो प्रेमिंजरच्या 'मर्डर'मध्ये गोळी कुणी घातली हा प्रश्नच नाही. लष्करातल्या लेफ्टनंटनं बारमालकाला मारलंय आणि तो म्हणतो, त्यानं माझ्या बायकोवर बलात्कार केला. प्रश्न एवढाच, की कायद्याच्या कुठल्या फटीतून याला बाहेर काढायचं. जेम्स स्ट्युअर्टचा वकील तुरुंगात अशिलाला समजावतो: खुनाच्या आरोपात बचाव अमुक प्रकारचे असतात, यातला हा तुला लागू नाही, तोही नाही... आणि थांबतो. काय सांग ते सांगत नाही. अशील विचार करतो, चाचपडतो आणि त्या वेळी आपलं डोकं ठिकाणावर नसावं इथपर्यंत स्वतःच येऊन पोचतो. वकिलानं खोटं शिकवलं का? नाही. सत्य काढून घेतलं का? तेही नाही. पुढं उरलेला वेळ आपण त्या वकिलाच्या बाजूनं असतो, पण हा प्रसंग खिशातल्या खड्यासारखा टोचत राहतो.

या सिनेमाला कोर्टाचा वास आहे, आणि त्याला कारण आहे. मूळ कादंबरी मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जॉन व्होल्कर यांनी टोपणनावानं लिहिलेली, स्वतः लढवलेल्या खटल्यावरून. चित्रीकरणही त्याच मुलखात. न्यायाधीशाच्या भूमिकेत नट नाही, खरा वकील आहे: जोसेफ वेल्च, कम्युनिस्ट शोधण्याच्या नावाखाली लोकांना धारेवर धरणाऱ्या सेनेटर मॅकार्थीला १९५४ च्या सुनावणीत भर सभेत सुनावणारे. संगीत जॅझवाल्या ड्यूक एलिंग्टनचं. जुनाट काय वाटतं? बायकोच्या कपड्यांवर आणि चालचलणुकीवर सगळं कोर्ट नजर रोखून आहे, आणि ती नजर कधी कधी कॅमेऱ्याचीसुद्धा होते. आज पाहताना खुर्चीत चुळबुळ होते.

जस्टिन त्रिएचा 'फॉल' आल्प्समधल्या एका घरात सुरू होतो. सांड्रा ही जर्मन लेखिका, नवरा सॅम्युअल फ्रेंच. ती खाली मुलाखत देतेय आणि वरून तो इतक्या मोठ्यानं गाणं लावतो की मुलाखत गुंडाळावी लागते. थोड्या वेळानं, दृष्टी अधू असलेला अकरा वर्षांचा मुलगा कुत्र्याला फिरवून येतो तर बाप बर्फात मरून पडलेला. पडला, उडी मारली, की ढकललं?

मधोमध एक भांडण आहे. नवऱ्यानं आदल्या दिवशी गुपचूप ध्वनिमुद्रित केलेलं, आणि आता कोर्टात सगळ्यांसमोर वाजवलं जातंय. आधी आपल्याला ते दिसतं: स्वयंपाकघर, दोघं, कुणाला किती वेळ मिळाला, कुणी कुणाची कल्पना उचलली, मुलाचं कोण बघतं. लग्न झालेल्या कुणालाही यातली चार वाक्यं पाठ असतील. आणि भांडण हातघाईवर येतं त्याच क्षणी चित्र काढून घेतलं जातं, आपण कोर्टात परत येतो आणि उरतात फक्त आवाज. फुटल्याचा, आपटल्याचा. कुणी काय फोडलं, कुणी कुणाला मारलं, हे कोर्टाला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला. सांड्राचं काम करणाऱ्या झांड्रा ह्युलरनं दिग्दर्शिकेला विचारलं होतं, ही बाई दोषी आहे का. उत्तर मिळालं, निर्दोष असल्यासारखी कर. पडद्यावर हे शब्दशः दिसतं. तिच्या चेहऱ्यावर पुरावा शोधायला जावं तर हाती काही लागत नाही.

या सिनेमाला कान महोत्सवात पाम डी'ओर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तो मान मिळवणारी त्रिए तिसरीच स्त्री. पुढं मूळ पटकथेचं ऑस्करही. फ्रेंच कोर्टाची रीत आपल्याला चमत्कारिक वाटेल. आरोपीच मध्येच उभी राहून साक्षीदाराच्या म्हणण्यावर बोलते, लाल झग्यातला सरकारी वकील कादंबरीतले उतारे पुरावा म्हणून वाचतो.

दोन्हींत सरस कोण? सिनेमा म्हणून 'फॉल', यात मला शंका नाही. करमणूक म्हणून 'मर्डर': १६० मिनिटं असूनही तो हसवतो, उलटतपासणीच्या चकमकी चालू ठेवतो. 'फॉल' दहा मिनिटांनी छोटा असेल, पण जड जातो. जोडीनं पाहणार असाल तर दुसऱ्या दिवशी सुट्टी असू द्या. आणि 'जुन्या सिनेमात शेवटी सगळं स्पष्ट होतं' या समजुतीवर विसंबून 'मर्डर' निवडू नका. तोही तुम्हाला सोक्षमोक्ष देत नाही.

मागचा बाक: 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन' (१९५७) की 'कोर्ट' (२०१४)?

दोन्ही ११६ मिनिटांचे. साम्य इथंच संपलं.

बिली वाइल्डरच्या 'विटनेस'मध्ये कोर्ट म्हणजे रंगमंच. अगाथा ख्रिस्तीची गोष्ट, चार्ल्स लॉटनचा हृदयविकाराचा पेशंट असलेला वकील, मागे लागलेली नर्स (ही एल्सा लँचेस्टर, लॉटनची खरी बायको), आणि नवऱ्याविरुद्ध साक्षीला उभी राहणारी मार्लेन डीट्रिच. लॉटन गोळ्या टेबलावर ओळीत मांडतो आणि ऐकता ऐकता एकेक संपवतो, नुसतं ते बघायलाही बसावं. शेवट कुणाला सांगू नका अशी विनंती सिनेमाच करतो. उत्तर हवंय, तेही चकवा देऊन? मग डोळे मिटून हाच लावा. पाहुणे असताना, सर्व वयांची माणसं असताना यासारखा दुसरा नाही.

चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मध्ये कुणीच नाट्य करत नाही. लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप असा, की त्याच्या गाण्यामुळे एका गटार सफाई कामगारानं आत्महत्या केली. कॅमेरा लांब उभा, हलत नाही. सरकारी वकील (गीतांजली कुलकर्णी) कलमं एका सुरात वाचत जाते, तारीख पडते, पुढचा खटला. एका बाईनं बिनबाह्यांचा पोशाख घातलाय म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण ऐकायलाच नकार देतात, आणि कोर्टात कुणाला काही वाटत नाही. मग सिनेमा त्या सरकारी वकील बाईंबरोबर लोकलनं घरी जातो, त्यांचा स्वयंपाक बघतो. त्या दुष्ट नाहीत. उद्या पुन्हा तीच कलमं वाचणार आहेत. माझ्या लेखी या सहांतला सर्वांत भीतीदायक भाग हाच.

कांबळे झालेले वीरा साथीदार स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते. गाणी संभाजी भगतांची. व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही कितीतरी मराठी घरांत हा सिनेमा पोचलेलाच नाही, याचं मला नवल वाटतं. पहिली वीस मिनिटं संथ आहेत, मान्य. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पुढं कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवतात, पडदा बराच वेळ काळा राहतो. तिथं उठू नका, सिनेमा संपलेला नाही.

लावण्याआधी

थकून आलाय, दीड-दोन तासच आहेत: '१२ अँग्री मेन'. तो पाहिलेला असेल तर 'ज्युरर नंबर टू'. घरभर माणसं असतील तर 'विटनेस'. रविवार दुपार मोकळी असेल तर 'मर्डर'. एकटे असाल आणि डोकं ताजं असेल तर 'कोर्ट'. सहांतला एकच निवड म्हणालात तर मीही तोच निवडेन. 'फॉल' मात्र डब केलेला पाहू नका. सांड्रा घरात इंग्रजी बोलते, कोर्टात तिला फ्रेंच बोलायला लावतात, आणि अडली की ती पुन्हा इंग्रजीवर येते. सगळं एकाच भाषेत ऐकलंत तर तिची निम्मी कोंडी कानावर येणारच नाही.