‘सहाशे मॉड्स, एकदम रेडी’ : स्कायरिमचा तयार सेटअप विकत घेण्याआधी

“सहाशे मॉड्स, अल्ट्रा ग्राफिक्स, एकदम रेडी. फक्त अठराशे. एक पण क्रॅश नाही, गॅरंटी.” नाशिकच्या इंदिरानगरमधल्या बारावीच्या एका मुलाला हा मेसेज आला. स्कायरिम हा कॉम्प्युटर गेम, आणि मॉड म्हणजे त्यात बदल किंवा भर घालणाऱ्या, खेळाडूंनीच बनवलेल्या फाइली. पुढच्या दहा दिवसांत त्याचे २,८०० रुपये गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातलं त्याचं खातंही गेलं. त्याच्या आणि त्याच्या आईच्या परवानगीनं हा सगळा प्रकार इथे देत आहोत. ज्या ज्या बिघाडाचे त्याच्याकडून पैसे घेतले, तो प्रत्येक बिघाड मॉडिंग करणाऱ्यांच्या रोजच्या ओळखीचा आहे आणि त्यावरचा उपाय फुकट आहे. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला हे माहीत नसतं, त्यावरच हा धंदा चालतो.

विकणारा कॉलेज रोडला भेटला, १२८ जीबीचा पेनड्राइव्ह हातात ठेवला आणि यूपीआयनं पैसे घेतले. क्यूआर कोडवर नाव भलत्याचंच आलं, तर म्हणाला, मामांचं खातं आहे. संध्याकाळी रिमोट अ‍ॅपवरून त्यानं कॉम्प्युटरचा ताबा घेतला. सुरुवातच अशी केली : “दादा, डिफेंडर बंद कर, नाहीतर तो मॉड्स उडवतो.” डिफेंडर म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस. मग अख्खा डी ड्राइव्ह त्याच्या तपासणीतून वगळायला लावला.

तिथेच थांबायला हवं होतं. मॉड म्हणजे बहुतेक वेळा ईएसपी, बीएसए, डीडीएस आणि निफ या प्रकारच्या फाइली. अनुक्रमे प्लगिन (गेममधले बदल नोंदवणारी फाइल), फाइलींचा गठ्ठा, टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेलं चित्र) आणि त्रिमितीय आकार. गेम त्या फक्त वाचतो, त्यांच्यावर डबल क्लिक करून काही चालवायचं नसतं. डीएलएल, म्हणजे प्रत्यक्ष चालणारा कोड असलेल्या फाइली, येतात त्या एसकेएसई या पूरक टूलच्या प्लगिनांमध्ये. अशा एखाद्या डीएलएलवर डिफेंडर कधी उगाच शंका घेतो, हे खरं आहे. तेव्हा ती एकच फाइल तपासून बघायची. पूर्ण ड्राइव्ह मोकळा सोडायचं कारणच नाही.

आता पेनड्राइव्हमध्ये काय होतं ते बघा. गेमच्या फोल्डरमध्ये ‘स्टीम_एमू’ नावाची आयएनआय फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, होती. ही क्रॅक, म्हणजे चोरीच्या, कॉपीची खूण. गेमच्या ईएक्सईवर (गेम चालवणाऱ्या मुख्य फाइलवर) राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्स उघडलं तर आवृत्ती दिसते १.५.९७. या मुलाकडे सेलमध्ये घेतलेला अस्सल स्कायरिम स्पेशल एडिशन स्टीमवर आधीपासून होता, आवृत्ती १.६.११७०. म्हणजे पैसे देऊन घेतलेला गेम तसाच पडून राहिला आणि चोरीची कॉपी त्याला अठराशेला विकली गेली.

आवृत्तीचा आकडा किरकोळ वाटतो, पण निम्मं मॉडिंग त्यावरच अडतं. मूळ स्कायरिम आला ११ नोव्हेंबर २०११ ला, ६४ बिटचा स्पेशल एडिशन २८ ऑक्टोबर २०१६ ला. ११ नोव्हेंबर २०२१ च्या अ‍ॅनिव्हर्सरी अपडेटनं ईएक्सई बदलली आणि १.५.९७ वर चालणारी एसकेएसईची प्लगिनं त्या दिवशी बंद पडली. एसकेएसई म्हणजे स्क्रिप्ट एक्स्टेंडर. तो गेमच्या ईएक्सईच्या आत हात घालून काम करतो, म्हणून आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळावा लागतो. एका आवृत्तीच्या प्लगिन दुसऱ्या आवृत्तीत टाकल्या की मेन मेन्यू येण्याआधीच गेम डेस्कटॉपवर पडतो. अनऑफिशियल पॅच, म्हणजे गेममधल्या चुका दुरुस्त करणारा चाहत्यांचा मॉड, त्याची चालू आवृत्तीसुद्धा १.६.११३० किंवा पुढची मागते, १.५.९७ वर ती टाकायचीच नसते. पेनड्राइव्हमध्ये नेमकी तीच होती.

पहिल्याच रात्री गेममधली माणसं दोन्ही हात पसरून पुतळ्यासारखी उभी राहिली. “अ‍ॅनिमेशन रिपेअर” म्हणून ४०० रुपये घेतले. याला टी-पोझ म्हणतात. अ‍ॅनिमेशनचे मॉड टाकले किंवा काढले की नेमेसिस हे फुकट टूल पुन्हा चालवावं लागतं : आधी ‘अपडेट इंजिन’, मग ‘लाँच’. काही मिनिटांचं काम.

मग भिंती जांभळ्या दिसायला लागल्या आणि काही बायकांचे चेहरे काळपट, मान मात्र गोरी. त्याचे ६०० घेतले, “ग्राफिक्स चार्ज”. जांभळा रंग म्हणजे गेमला ते टेक्स्चर जागेवर सापडत नाही. इथे कॉपी करताना अर्ध्या फाइली राहून गेल्या होत्या. काळा चेहरा तेव्हा दिसतो, जेव्हा दोन मॉड एकाच पात्राला हात लावतात आणि एकाचा प्लगिन जिंकतो, पण चेहऱ्याच्या फाइली दुसऱ्याच्या राहतात. त्या दोनपैकी ज्याचा चेहरा हवा त्याचा प्लगिन आणि फाइली दोन्ही शेवटी ठेवल्या की प्रश्न मिटतो.

शेवटचा घाव खात्यावर. “क्रिएशन क्लब (गेम कंपनीची जोडसामग्री) अ‍ॅक्टिव्हेट करायचंय, स्टीमचा पासवर्ड दे आणि कोड आला की लगेच सांग.” स्टीम गार्डचा, म्हणजे लॉगिनच्या दुसऱ्या पडताळणीचा, पाच अक्षरांचा कोड मुलानं सांगितला. सकाळी खात्याचा ईमेल बदललेला होता. हा कोड मॉडिंगच्या कुठल्याही पायरीत लागत नाही.

तयार यादी हवीच असेल तर वाबाजॅक हे यादी बसवणारं टूल आणि नेक्सस या मॉड्सच्या वेबसाइटची कलेक्शन्स आहेत, दोन्ही फुकट. त्यांत फक्त यादी आणि मांडणी मिळते. प्रत्येक मॉड तुमच्या खात्यावरून मूळ पानावरूनच उतरतो आणि गेम तुमचा स्वतःचा लागतो. फुकट खात्यावर प्रत्येक फाइलला हातानं क्लिक करावं लागतं, वेगही कमी मिळतो, म्हणून सहाशेच्या यादीला दोन-तीन रात्री जातात. मूळ मॉडकर्त्याच्या परवानगीशिवाय त्याचं काम पेनड्राइव्हवर भरून विकायचा हक्क कोणालाच नाही.

स्वतः करायचं तर सुरुवात अशी करा. स्टीमच्या स्टोरेज सेटिंगमध्ये डी ड्राइव्हवर लायब्ररी करून गेम तिथे टाका. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ठेवला तर विंडोज परवानग्यांवरून अडवतं. मूळ लाँचरमधून गेम एकदा उघडून बंद करा, म्हणजे आयएनआय फाइली तयार होतात. स्टीममध्ये अपडेटचं सेटिंग ‘गेम लाँच केल्यावरच’ असं करा आणि इथून पुढे गेम कधीही स्टीमच्या बटणावरून चालू करू नका. मॉड ऑर्गनायझर २ हे मॉड सांभाळणारं टूल वेगळ्या फोल्डरमध्ये बसवा, गेमच्या आत नको. तो मॉड आपल्याकडेच ठेवतो, गेमचा डेटा फोल्डर कोराच राहतो. त्यामुळे काही बिघडलं तर एक टिक काढली की झालं. आता ईएक्सईची आवृत्ती बघून त्याच आकड्याचा एसकेएसई घ्या, लोडर आणि डीएलएल गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये टाका आणि मॉड ऑर्गनायझरमधून लोडरच चालवा. गेममध्ये टिल्डची (~) कळ दाबून ‘गेटएसकेएसईव्हर्जन’ हे इंग्रजीत टाइप केलं की आकडा दिसतो. दिसला नाही तर पुढे जाऊ नका.

मग अ‍ॅड्रेस लायब्ररी (एसकेएसईच्या प्लगिनांना लागणारी), स्काययूआय (मेन्यू सुधारणारा मॉड), अनऑफिशियल पॅच. एवढ्यावर अर्धा तास खेळून बघा. त्यानंतर एका वेळी चार-पाचच मॉड. प्रत्येक मॉडच्या पानावर ‘रिक्वायरमेंट्स’ हा भाग असतो, तो न वाचल्यामुळे ‘मिसिंग मास्टर’ होतो, म्हणजे मॉडला लागणारी दुसरी फाइलच नसते, आणि गेम उघडतच नाही. मॉड ऑर्गनायझर अशा प्लगिनपुढे पिवळा त्रिकोण दाखवतो. प्लगिनांचा क्रम लावायला लूट हे टूल वापरा. पूर्ण प्लगिनांची मर्यादा २५४ आहे, ईएसएल खुणेचे हलके प्लगिन त्यात मोजले जात नाहीत. ग्राफिक्स कार्ड ४ जीबीचं असेल तर ४के टेक्स्चरांच्या नादी लागू नका, १के-२के पुरे. आणि स्क्रिप्टचा मॉड चालू खेळातून मध्येच काढू नका, सेव्ह फाइल आतून सडते.

फसवणूक झालीच असेल तर आधी इंटरनेट तोडा. दुसऱ्या स्वच्छ मशिनवरून प्रथम ईमेलचा पासवर्ड बदला, मग स्टीमचा, आणि सगळी उपकरणं साइन आउट करा. स्टीमच्या एपीआय कीच्या (दुसऱ्या प्रोग्रामला खात्यात शिरू देणाऱ्या किल्लीच्या) पानावर तुम्ही न काढलेली की दिसली तर रद्द करा. डिफेंडर बंद ठेवून काही चालवलेल्या मशिनवर विंडोज नव्यानं टाका, नुसत्या स्कॅनवर विसंबू नका. पैशांसाठी लगेच १९३० ला फोन लावा, यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. तक्रार नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर आणि नाशिक शहर सायबर पोलीस ठाण्यातही देता येते. रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसू नका. दुसऱ्याचा पासवर्ड कपटानं वापरणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६सीखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

या मुलाचं खातं स्टीम सपोर्टकडून परत मिळालं. सपोर्टनं मालकीचा पुरावा मागितला. पहिल्या खरेदीची पावती त्याच्या आईच्या ईमेलमध्ये पडून होती, कारण कार्ड तिचं होतं. २,८०० रुपयांची तक्रार अजून चालू आहे.