खजुरी बाजारातलं बाइंडिंग आणि आजोबांचं गीतपुस्तक

आजोबा नगर जिल्ह्यातून इंदूरला आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत हे पुस्तक होतं. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने नगरात काम सुरू केलं. त्याच कामातून आमच्या गावची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, उभी राहिली. पुस्तकाच्या कोऱ्या पानांवर आजोबांनी बाप्तिस्मे, लग्नं, पाळकांच्या बदल्या टिपल्या आहेत. २९ नोव्हेंबर १९७०, नागपूर, सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेही समासात आहे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या भजनांची पानं तर हाताळून मऊ पडलीत.

फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेले पानांचे जुडगे, सुटले होते. दोन दुकानांत “कडा कापाव्या लागतील” म्हणाले. कडा कापल्या असत्या तर समासातलं सगळं अक्षर गेलं असतं. इंदूरच्या खजुरी बाजारातल्या या बाइंडिंगवाल्या काकांनी आधी पानन् पान मोजलं, मग जुन्याच भोकांतून दोरा ओवून हाताने शिवलं. खळ घरची, कणकेची. पाठीला काळं कापड, एक अक्षरही कापलं नाही.

आठ दिवस म्हणाले, तीन आठवडे लागले. साडेतीनशे रुपये घेतले. गेल्या रविवारी आईने त्यातूनच गायलं. पुस्तक मांडीवर सपाट उघडं राहतं. जुनं बायबल असेल तर इथेच द्या.